पुलाखालून वाहून गेलेलं पाणी

मराठीत पूल म्हणजे नदीवरचा. त्यामुळे मागच्या अंगणात पूल बांधायचाय असं शेजारच्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आमच्या कोरड्याठाक अंगणाकडे, आणि म्हणाले, "पूल? आणि नदी कुठंय?" स्विमिंग पूल म्हटल्यावर "हां, टाकी!" म्हणून हसले. पुढे कामावर आलेले मिस्त्रीही शेवटपर्यंत टाकीच म्हणत राहिले. पूल म्हणणारा माणूस एकच होता, ज्याने ती बांधायचे पैसे घेतले तो.

पनवेलकडे ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना माहितीये, नेरे, वाजे, चिपळे, मालडुंगे ह्या पट्ट्यात हल्ली दर दुसऱ्या कुंपणाआड एक निळा चौकोन असतो. शनिवारी दुपारी मुंबईच्या गाड्या येतात, रविवारी रात्री जातात. आमचं घर त्यातलं नव्हे. नेऱ्याच्या पुढे, गाढेश्वरच्या रस्त्याला बाबांनी रिटायर झाल्यावर बांधलेलं साधं बैठं घर. मागच्या अंगणातून प्रबळगड दिसतो, पावसाळ्यात तोही दिसत नाही. आईबाबा तिथे राहतात, मी सोमवार ते शुक्रवार खारघर-ऐरोली करतो आणि वीकेंडला तिकडे.

डिसेंबर २०२३ मध्ये बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं वाचलं. महिन्याभरात हात थोडा परत आला पण पाय जड राहिला. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ह्यांना पाण्यात चालवा. कारण सोपं आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं साधारण निम्मं वजन पाणी उचलतं, छातीइतक्या पाण्यात तर जेमतेम एक तृतीयांश वजनच पायांवर येतं. पडायची भीती नाही, त्यामुळे माणूस पाय नीट टाकायला शिकतो. आणि त्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. स्ट्रोकनंतर जी काही सुधारणा व्हायची ती पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पुढे वेग कमी होत जातो. सार्वजनिक तलाव पनवेलात आहेत, पण रोज गाडीतून न्यायचं, चढउतार करायची, आणि अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला शिडीवरून पाण्यात उतरवायचं हे आईच्या आवाक्यातलं नव्हतं.

म्हणून पूल. २५ फूट लांब, १२ फूट रुंद, ४ फूट पाणी. एका बाजूला रुंद पायऱ्या आणि स्टीलचा कठडा. दिवे नाहीत, धबधबा नाही, डॉल्फिनची टाइल नाही. (शेठने डॉल्फिन तीन वेळा सुचवला.)

शेठ म्हणजे आमचा कॉन्ट्रॅक्टर. आमच्याकडे ज्याच्याकडे पांढरी एसयूव्ही आणि ओळखीतला जेसीबी असतो तो शेठ. माणूस गोड. १२ फेब्रुवारी २०२४ ला करार झाला, रक्कम साडेनऊ लाख, पूल १५ मेला ताब्यात. आमच्या धंद्यात मैलाचे दगड आखून पैसे देतात तसं मी टप्प्यांचं कोष्टक केलं होतं : २० टक्के सुरुवातीला, २५ खोदाई आणि तळाच्या स्लॅबनंतर, २५ भिंतींनंतर, १५ पाण्याची चाचणी पास झाल्यावर, १० टाइल आणि पंप बसल्यावर, शेवटचे ५ पावसाळा संपल्यावर. क्रम मुद्दाम असा होता की चाचणी आधी, टाइल नंतर. शेठने सही करताना म्हटलं, "सर, तुमच्यासारखे क्लायंट पाहिजेत, सगळं क्लिअर." आणि मला वाटतं ते त्याने मनापासूनच म्हटलं.

मार्चमध्ये तीन फुटांवर काळा पाषाण लागला. ही काही बातमी नव्हे, सह्याद्रीच्या पायथ्याशी खणल्यावर पाषाण नाही लागणार तर काय श्रीखंड लागणार? पण शेठला आश्चर्य वाटलं. ब्रेकर आला, ब्रेकरचं भाडं वेगळं झालं, त्यात दोन आठवडे गेले. ४ एप्रिलला तळाचा स्लॅब पडला. चांगला पडला, मी समोर उभा होतो.

आता इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी गंमत इथे आहे.

चार फुटांची भिंत एका दमात ओतता येते, किंबहुना तशीच ओतावी. पण २० एप्रिलला सेंट्रिंगच्या प्लेटा आल्या त्या अर्ध्याच. उरलेल्या शेठच्या कर्जतकडच्या साइटवर अडकल्या होत्या. मिस्त्री म्हणाले थांबू या, शेठ फोनवरून म्हणाला दोन फुटांपर्यंत भरून घ्या, वरचं परवा भरू. भरलं. परवा काही भरलं गेलं नाही, कारण २४ तारखेला माणसं गावाला गेली. ही सगळी मुखेडकडची, नांदेड जिल्ह्यातली. तिथे २६ एप्रिलला लोकसभेचं मतदान होतं, आणि एकदा गावाला गेल्यावर लग्नसराईत कोण मे महिन्याच्या आधी परततो? त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षातून एकदा घरी जायला मिळतं, जावं माणसाने. पण शेठकडे दुसरी माणसं नव्हती. म्हणजे होती, ती कर्जतला होती.

दुसरा थर पडला १४ मेला. आदल्याच दिवशी आमच्या मावळ मतदारसंघाचं मतदान होतं, त्यामुळे त्या दिवशी मिक्सरवाला नव्हता. म्हणजे भिंतीचे खालचे दोन फूट आणि वरचे दोन फूट ह्यांच्यात २४ दिवसांचं अंतर.

काँक्रीट हा चिकट पदार्थ नाही, ही गोष्ट मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळली. ओल्यावर ओलं पडलं तर एकजीव होतं. वाळलेल्यावर ओलं पडलं तर ते नुसतं शेजारी बसतं, दोघांच्यात सांधा राहतो. सांधा ठेवावाच लागला तर त्याची रीत आहे : जुन्या काँक्रीटवर जी सिमेंटची मऊ पापडी धरते ती तारेच्या ब्रशने खरवडून खडी उघडी करायची, पाण्याने धुवायचं, आणि मुख्य म्हणजे पहिला थर ओततानाच भिंतीच्या मधोमध रबरासारखी पीव्हीसीची पट्टी उभी बसवायची, अर्धी खालच्या थरात, अर्धी वरच्या. तिला वॉटरस्टॉप म्हणतात. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आपल्याकडे आयएस ३३७० नावाचं मानकच आहे, त्यात सांध्यांचा भाग चांगला सविस्तर आहे. आमच्या भिंतीत पट्टी नव्हती. का नव्हती ते पुढे सांगतो.

शिवाय पाणी मारणं. आयएस ४५६ म्हणतं साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, मिश्र सिमेंटला निदान १० दिवस ओलावा टिकवा. आमचं पीपीसी, म्हणजे मिश्र. वरच्या थराला पाणी कुणी मारलं? आईने. बागेच्या नळीने, सकाळ-संध्याकाळ, बाबांना औषध देऊन झालं की. शेठचा माणूस चार दिवसांनी आला आणि म्हणाला, "काकू, झालं ना आता." आईने त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापत नाही.

१५ मे उलटून गेली होती. शेठ रोज म्हणायचा "सर, नव्वद टक्के झालंय." आमच्या क्षेत्रात बेल लॅब्सच्या टॉम कारगिलच्या नावाने एक जुना विनोद प्रसिद्ध आहे, पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना उरलेला नव्वद. मी शेठला तो सांगितला. शेठ म्हणाला, "करेक्ट सर!"

एका मंगळवारी मी ऑफिसात असताना टाइलवाले आले आणि कामाला लागले. आईने फोन केला तोवर एक भिंत झाली होती. मी शेठला म्हटलं, पाण्याची चाचणी? तो म्हणाला, "टाइल लावूनच करतो आम्ही, सर. आतनं केमिकल मारलंय. पाऊस येतोय, आता थांबलो तर दिवाळी." ह्या वाक्यातला पाऊस येतोय हा भाग खरा होता, आणि तोच त्याचा सगळ्यात मोठा वकील होता. एप्रिलमध्ये वेळ घालवायचा आणि मेअखेरीस पावसाकडे बोट दाखवायचं. कोकणात बांधकामाची खरी डेडलाइन ७ जूनच्या आसपास असते, ती कुठल्याही करारात लिहिलेली नसते आणि कुणालाच पुढे ढकलता येत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी तर फेब्रुवारीतच सांगितलं होतं, "पावसाच्या आधी उरकत असंल तर कर, नायतर दिवाळीपर्यंत जमिनीला हात लावू नको."

असो. २७ मेला टँकर आले. ३०० चौरस फूट गुणिले ४ म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ हजार लिटर. उन्हाळ्याच्या शेवटी एवढं पाणी विकत घेताना पोटात गोळा येतो, गावात बायका हंडे घेऊन उभ्या असतात तेव्हा तर फारच. बाबा व्हीलचेअरवर बसून पाणी चढताना बघत होते. त्यांनी विचारलं, "उद्या?" मी म्हटलं, उद्या नाही बाबा, आधी एक टेस्ट.

बादलीची चाचणी अगदी सोपी आहे, कुणालाही घरी करता येईल. बादली पाण्याने भरून पुलाच्या पायरीवर ठेवायची, अशी की तिचं तोंड पाण्याच्या वर राहील. बादलीच्या आत आणि पुलाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करायची. चोवीस तासांनी दोन्ही मोजायच्या. ऊन, वारा दोघांना सारखाच, त्यामुळे बाष्पीभवन सारखंच. पूल जास्त उतरला असेल तर तेवढी गळती. आमची बादली उतरली ६ मिलिमीटर. पूल उतरला ४८. फरक ४२ मिलिमीटर, म्हणजे ह्या आकाराच्या पुलात दिवसाला जवळजवळ ११७० लिटर. शेठ म्हणाला, "नवीन पूल आहे सर, पाणी पितो थोडं."

रविवारी मी बाबांच्या औषधांच्या डब्यातली रिकामी सिरिंज घेतली, तीत निळी शाई भरली आणि पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरलो. शाई अगदी हलकेच सोडायची, पाणी न ढवळता. गळती नसेल तिथे ती ढगासारखी तरंगत राहते. कोपरे तपासले, नळाची तोंडं तपासली, काही नाही. मग लांब भिंतीपाशी, तळापासून दोन फुटांवर, टाइलच्या ग्राउटच्या रेषेत ती शाई दोऱ्यासारखी ताणली गेली आणि आत गेली. तीन वेगवेगळ्या जागी. तिन्ही जागा एकाच उंचीवर. पट्टीने मोजलं आणि फोनमधले एप्रिलचे फोटो काढून बघितले. २० एप्रिल संपते आणि १४ मे सुरू होते ती बरोबर ती रेषा होती.

तोवर माझ्या डोक्यात शेठविरुद्ध दोन स्वतंत्र तक्रारी होत्या. एक, काम उशिरा. दोन, काम वाईट. शाईचा दोरा आत जाताना बघितला आणि कळलं की ही एकच तक्रार आहे. तो उशीर कुठे हवेत विरून गेला नव्हता, तो भिंतीत जाऊन बसला होता आणि त्यातून दिवसाला हजार लिटर पाणी जात होतं. नंतर चार ठिकाणी लोकांची घरं, बाथरूम, गच्च्या ह्यांच्या कहाण्या ऐकल्या तर तेच. उशीर म्हणजे नुसती वाट बघणं नसतं. मध्ये माणसं बदलतात, माल बदलतो, ज्याने पाइप टाकला त्याला प्लास्टरवाला कधी भेटतच नाही, आणि गळती जवळपास नेहमी अशा ठिकाणी असते जिथे एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैत तो आमच्याकडे पडतो तसा पडला. आणि चमत्कार झाला! गळती थांबली. पूल काठोकाठ. शेठ छत्री घेऊन आला, पुलाकडे बघितलं आणि मला म्हणाला, "बघा सर. तुम्ही उगाच टेन्शन घेतलं." आता कारण सांगतो. पाषाणात खणलेला खड्डा म्हणजे वाडगा. भिंतीबाहेर मुरूम भरलेला, त्यात पावसाचं पाणी साठलं आणि जमिनीपर्यंत आलं. काकांच्या विहिरीत त्या आठवड्यात वाकून हात लावता येईल इतकं पाणी होतं. आत जेवढं पाणी तेवढंच बाहेर, मग जाणार कुठे? उलट दोन दिवसांनी आतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं, कारण त्याच रेषेतून बाहेरचा गढूळ पाझर आत यायला लागला होता.

शेठलाही ते पटलं, आणि मग तो म्हणाला, ठीक आहे, उद्या पंप लावतो, पूल रिकामा करतो आणि आतून पॉलिमर मारून देतो.

मी शाळेतल्या आर्किमिडीजला इतका मनापासून कधीच नमस्कार केला नव्हता. आठ इंचाचा तळ आणि आठ इंचाच्या भिंती धरल्या तर आमचा पूल बाहेरून साधारण ४६ घनमीटर जागा व्यापतो. बाहेर जमिनीपर्यंत पाणी असताना तो रिकामा केला तर खालून साधारण ४६ टनांचा रेटा वर येणार. पुलाच्या काँक्रीटचं वजन, १२ घनमीटरच्या थोडं वर म्हणून, ३१ टन. म्हणजे पूल होडीसारखा वर यायचा प्रयत्न करणार. येताना सरळ येत नाही, एक कोपरा उचलतो, पाइप तुटतात, तळ तडकतो. भर पावसाळ्यात रिकामे केलेले पूल असे उचलले जातात, ही जगभर माहीत असलेली गोष्ट आहे, म्हणून नीट बांधलेल्या पुलांच्या तळाशी बाहेरचं पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो. आमच्या पुलाला नव्हता. मी कागदावर आकडे मांडून शेठला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "कर्जतचा पूल त्यामुळे तडकला असेल का?"

त्या क्षणी मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. ह्या माणसाला कुणी काही शिकवलंच नव्हतं. एकाच वेळी चार साइट, एका साइटच्या ॲडव्हान्सवर दुसरीची खडी, दुसरीच्या हप्त्यावर पहिलीची मजुरी. त्याच्या प्लेटा, माणसं, मिक्सर सगळं सतत जिथे क्लायंट सर्वात जोरात ओरडतोय तिथे जायचं. मी ओरडणाऱ्यातला नाही, ईमेल लिहिणाऱ्यातला आहे. त्याचा ईमेल आयडी बिझनेस कार्डावर होता, पासवर्ड त्याच्या भाच्याकडे होता.

पण दया येणं वेगळं आणि पैसे देणं वेगळं. मी ७० टक्के दिले होते, ६ लाख ६५ हजार. उरलेले २ लाख ८५ हजार मी धरून ठेवले. शेठचं म्हणणं, टाइल लागली म्हणजे काम झालं. माझं म्हणणं, चाचणी पास नाही. रोज फोन, मग दिवसाआड, मग गणपतीत बंद.

ह्या काळात कायदा थोडा वाचला, तुमच्याही उपयोगाचा आहे म्हणून सांगतो. महारेराकडे धावू नका, ते बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठी. स्वतःच्या जमिनीवर कॉन्ट्रॅक्टर लावला तर तो मामला ग्राहक संरक्षण कायद्याचा. घरबांधणी ही 'सेवा' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलंय, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही सेवेच्या व्याख्येत ती आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. 'प्रयत्न' हा शब्द तिथे फार मेहनत करतो. आणि रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पनवेलहून अलिबागला जायचं म्हणजे पळस्पे फाट्यावरून गोवा हायवे. ज्याचं पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि ज्याच्या तारखा ऐकत एक पिढी मोठी झाली, त्या रस्त्याने उशिराची तक्रार करायला जायचं! (आमच्याकडे कामं होतच नाहीत असंही नाही. विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ ला झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि २५ डिसेंबरला खरंच विमानं उडाली.)

वकील असलेल्या मावसभावाने नोटीस लिहून दिली. सोबत बादलीचे आकडे, शाईचा व्हिडिओ, तारखेसकट फोटो. शेठ भडकला वगैरे काही नाही. दसऱ्यानंतर मिस्त्रींनाच पाठवून दिलं, "बघून या काय आहे ते."

मिस्त्री एकटेच आले, एसटीने. पुलाच्या काठावर बसले. आईने चहा दिला. शाईचा व्हिडिओ दाखवला तो त्यांनी दोनदा बघितला.

"पट्टी नव्हती ना, दादा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागितली होती की मी. शेठ म्हनले पुढच्या गाडीत येईल. गाडी आली, पट्टी नव्हती. मी म्हनलो थांबतो. तर म्हनले थांबलेल्या दिवसाची हजेरी कोन देनार, तू?"

थांबलेल्या दिवसाची हजेरी. ऑफिसात आम्ही बेंचवर बसलो तरी महिन्याच्या शेवटी पगार होतो. मिस्त्रींना आणि त्यांच्या पाच माणसांना काम थांबलं की शून्य. ज्याला चूक दिसतेय त्यालाच थांबायचा भुर्दंड, आणि ज्याला भुर्दंड परवडतो तो साइटवर नसतो. मग मी विचारलं, तुमचे शेठकडे किती राहिलेत? ते आधी बोलेनात. मग म्हणाले, आमच्या टाकीचेच अडतीस हजार. "तुम्ही दिले नाहीत म्हनून त्यांनी दिले नाहीत, असं म्हनतात." म्हणजे जून ते ऑक्टोबर मी शेठचे पैसे धरून ठेवले होते असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात त्यातले ३८ हजार मुखेडच्या सहा घरांचे होते.

बाबा खोलीतून ऐकत होते. बाबांनी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले. ते म्हणाले, "ह्यांचे वेगळे कर. आज."

आज नाही झालं, पण दिवाळीच्या आधी झालं. शेठबरोबर शेवटी एका पानाचा कागद केला : माझ्याकडून ९० हजारांवर मिटवायचं, त्यातले ३८ हजार थेट मिस्त्रींच्या खात्यात, ५२ शेठला, दोन्हीकडून पुढे मागणी नाही. शेठने सही केली तेव्हा मला वाटतं त्याला हायसं वाटलं. पेन परत देताना म्हणाला, "सर, डॉल्फिन लावला असता तर छान दिसला असता." :)

नोव्हेंबरअखेर विहीर पुरेशी उतरल्यावर पूल रिकामा केला. दुरुस्तीला दुसरे गृहस्थ आणले, फक्त वॉटरप्रूफिंग करणारे. त्यांनी सांध्याच्या वरखाली टाइलचा एक हातभर पट्टा काढला, रेषेवर खाच पाडली, भोकं पाडून आत पीयूचं इंजेक्शन दिलं, खाच न आकसणाऱ्या मसाल्याने भरली, वर दोन हात लेप. मग पूल भरून सात दिवस नुसता ठेवला, टाइल न लावता. शेवटच्या चोवीस तासांत बादली ३ मिलिमीटर, पूल ३ मिलिमीटर. खर्च १ लाख ३५ हजार. कागदावर हिशेब केला तर गंमत आहे : ६.६५ अधिक ०.९० अधिक १.३५ म्हणजे ८ लाख ९० हजार. साडेनऊच्या करारापेक्षा मी ६० हजार फायद्यात!

४ जानेवारी २०२५ ला बाबा पाण्यात उतरले. १५ मेपासून मोजलं तर जवळजवळ आठ महिने. तोवर ते जमिनीवर चालायला शिकले होते, काठी घेऊन, उजवा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून. पुलाची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फिजिओ बाईंनी त्यांना पाण्यात दहा मिनिटं चालताना बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ही जी पाय फिरवायची सवय लागलीय ती आता पूर्ण जाणार नाही, थोडी कमी होईल. आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्या म्हणाल्या. त्याची नोटीस कुणाला पाठवायची मला कळत नाही. साठ हजारांच्या फायद्यात ते कुठे बसतं तेही नाही.

थोडी कमी झाली मात्र आहे. बाबा रोज सकाळी बारा फेऱ्या मारतात, मोठ्याने मोजत. आई काठावर बसून भाजी निवडते आणि मध्येच "नऊ झाल्या, दहा नव्हे" म्हणून त्यांना पकडते.

मिस्त्रींचा मागच्या महिन्यात फोन आला होता, बाबांची चौकशी करायला. सध्या दुसऱ्याच एका शेठकडे आहेत, बदलापूरकडे एक टाकी लागलीय म्हणाले. मी विचारलं, पट्टी?

"पट्टी आल्याबिगर भरत नाही म्हनलो, दादा. दोन दिवस खाडा पडला."

"आणि त्या दोन दिवसांची हजेरी?"

"ती कोन देतंय," म्हणाले, आणि आईला नमस्कार सांगून फोन ठेवला.